सुट्या मालाला हात

मी बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. म्हणजे खरं तर बत्तीस वर्षं ‘हात धुवा’ एवढंच सांगितलं. बाकीचं सगळं मुलांनी परीक्षेपुरतं पाठ केलं आणि हात धुणं तर परीक्षेपुरतंही केलं नाही. दर वर्षी मी पावाचे दोन तुकडे दोन पिशव्यांत घालून वर्गात टांगायची. एकाला सगळ्या वर्गाने हात लावलेला, दुसरा चिमट्याने उचललेला. आठवड्याभरात पहिल्यावर हिरवी-काळी बुरशी धरायची. मुलं ‘शी!’ करायची, बोटाने ती पिशवी दाबून बघायची आणि त्याच बोटांनी डबा उघडून चपाती खायची. निवृत्त झाल्यावर हा छळ संपेल असं मला वाटलं होतं. पण त्याच सुमाराला विश्रामबागेत, आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर, मोठं मार्ट उघडलं आणि त्यात सुट्या मालाचा विभाग निघाला.

भिंतीच्या कडेने पारदर्शक डब्यांची लांबच लांब ओळ. मोहरी, मेथी, धने, डाळी, तांदूळ, पोहे, शेंगदाणे, फुटाणे, बेदाणे आणि अगदी शेवटी गुळाचे खडे. प्रत्येक डब्याला झाकण आणि साखळीने बांधलेला स्टीलचा मोठा चमचा. ज्याने ही मांडणी केली तो बहुधा परदेशात जाऊन आला असावा. त्याला वाटलं असणार, माणसं झाकण उघडतील, चमच्याने माल पिशवीत घालतील, झाकण लावतील. सांगलीकरांना त्याने चमचा दिला, पण हाताचं काय करायचं ते सांगितलं नाही.

पहिल्याच आठवड्यात मी एका बाईंना तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालताना पाहिलं. बांगड्यांसकट. ‘वरचा चांगलाच असतो हो, खालचा बघावा लागतो,’ असं त्यांनी मला प्रेमाने समजावलं. एक गृहस्थ पिशवीचं तोंड उघडावं म्हणून अंगठा जिभेला लावायचे आणि त्याच अंगठ्याने चमचा धरायचे. शेंगदाण्यांची तर रीतच ठरलेली. मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, चोळायचे, जोरात फुंकर मारायची, म्हणजे फोलपटं शेजारच्या पोह्यांत. मग चार दाणे तोंडात टाकायचे आणि उरलेले, चोरी नको म्हणून, परत डब्यात. कोरोना नुकताच ओसरला होता, मास्क अजून तोंडावर होते. शिंक आली की लोक मास्क खाली ओढून शिंकायचे. मास्क खराब होऊ नये ना.

भाजीकडे वेगळी तऱ्हा. भेंडीचं टोक मोडल्याशिवाय भेंडी घ्यायची नाही, ही आपल्याकडची जुनी शिकवण. त्यामुळे दुपारी बारानंतर तिथे सगळी बिनटोकाची भेंडी. दुधीला नख लावून कोवळेपणा बघायचा. संध्याकाळपर्यंत एकेका दुधीच्या अंगावर शंभर नखांच्या खुणा. मी स्वतः दुधीला नख लावते, नाही असं नाही. पण मी हात धुऊन लावते.

माझं माहेर वाईचं. आमच्याकडे पिण्याच्या पाण्यात बोट बुडालं तर हंडा पालथा व्हायचा. लग्न होऊन सांगलीत आले ती थेट गुळाच्या बाजारातल्या माणसाच्या घरात. आमचे हे मूळचे कुंडलचे. मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात चाळीस वर्षं दिवाणजी होते. दिवाणजी म्हणजे वहीपुरते, खरी नोकरी त्यांच्या जिभेची. सौद्याआधी गुळाच्या ढेपेचा कोपरा फोडायचा, चिमूटभर तुकडा जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचे. ‘क्षारपड रानातला ऊस हाय.’ ‘शेवटच्या उकळीला जाळ जास्त झालाय.’ ‘सोडा हात सोडून टाकलाय.’ बोलले की बोलले. व्यापारीही मान डोलवायचा आणि गूळ ज्याचा तो शेतकरीही. शिक्षण सातवी, पण त्या बाजारात त्यांच्या जिभेचा शब्द शेवटचा. निवृत्त झाल्यावरसुद्धा हंगाम सुरू झाला की दुकानातून फोन यायचा, ‘काका, उद्या या, चव बघायची आहे.’ तो फोन आला की त्या दिवशी हे कांदा खायचे नाहीत.

कोरोनात दोघंही आजारी पडलो. मी आठ दिवसांत उठले. यांचा ताप लांबला आणि चव गेली. मीठ कळेना, मिरची कळेना. महिन्याभराने एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, ‘आली बघ चव.’ मी देवापुढे साखर ठेवली.

आता आधीच सांगून टाकते. चव आली नव्हती. हंगाम तोंडावर होता, बाजाराचा फोन येणार होता आणि या माणसाकडे जिभेशिवाय बाजारात जायला दुसरं काही नव्हतं. म्हणून त्यांनी ‘आली’ म्हटलं. मला हे कळायला दोन वर्षं लागली. जीभ, नाक आणि मेंदू यांची आकृती मी फळ्यावर डोळे मिटून काढू शकते, एवढी माझी विद्या. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

खुणा किती होत्या! आजारापूर्वी हे आठवड्यातून तीनदा तरी जेवणाला नाव ठेवायचे. आमटी पाणचट झालीय, भाजीला आज गूळ कुठला वापरलास. आजारानंतर दोन वर्षं रोज ‘झकास झालंय.’ मला वाटलं, मरणाच्या दारातून आलेला माणूस, त्याला बायकोची किंमत कळली. मी मैत्रिणींना सांगितलंसुद्धा. एकीने नवऱ्याला ऐकवलंही, ‘शिका काहीतरी.’

मार्टात मी यांना सुरुवातीला बरोबर न्यायची. मी डाळ घेईपर्यंत हे ओळीच्या एका टोकापासून सुरू करायचे. चिमूट मोहरी. दोन धने. एक फुटाणा. चमच्याला हात नाही, सरळ बोटं आत. प्रत्येक गोष्ट तोंडात टाकून थोडा वेळ उभे राहायचे आणि पुढच्या डब्याकडे सरकायचे. लोक बघायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

‘अहो, ही चोरी आहे.’

‘चव बघणं चोरी असती तर अख्खं मार्केट यार्ड तुरुंगात असतं.’

‘तिथं तुम्हाला मालक बोलावतो. इथं कुणी बोलावलंय?’

‘चाखल्याबिगर माल घ्यायचा? तो काय लग्नाचा आहेर हाय, मिळेल तो घ्यायला?’

‘आणि त्या बोटांचं काय? आत्ता त्याच बोटांनी नाक पुसलंत. दुसऱ्या कुणीतरी तो फुटाणा खायचाय.’

मी म्हटलं, यापुढे मी एकटीच येईन. ते लगेच ‘बरं’ म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस एका दमात ‘बरं’ म्हणाल्याचं मला आठवत नाही. तरीही मला संशय आला नाही. मी जिंकले असंच मला वाटलं.

जिंकल्यावर माणसाला अजून जिंकावंसं वाटतं. मार्टाचा मॅनेजर माझा विद्यार्थी निघाला. नववी ब, शेवटून दुसरा बाक, आकृत्या सुंदर काढायचा आणि नावं चुकीची द्यायचा. मी त्याच्या केबिनमध्ये जाऊन अर्धा तास बोलले. बोटांवरून डब्यात आणि डब्यातून पोटात काय काय जातं ते सगळं सांगितलं. तो उभा राहून ऐकत होता. बसायला मीच सांगितलं नव्हतं.

‘बाई, तुम्हीच नियम लिहून द्या. आम्ही लावतो.’

मला एवढंच पाहिजे होतं. मी कार्डशीटवर मार्कर पेनने नियम लिहिले. सुट्या मालाला हात लावू नये. चाखून पाहू नये. काढलेला माल परत टाकू नये. झाकण उघडे ठेवू नये. शिंक आल्यास बाजूस जावे. त्याने ते प्लास्टिकमध्ये घालून ओळीच्या मधोमध टांगलं. माझं फळ्यावरचं अक्षर, निळ्या शाईत. मी दोन-तीन वेळा काही घ्यायचं नसताना नुसती जाऊन बघून आले. एक आजी तो बोर्ड मोठ्याने वाचत होत्या आणि वाचता वाचता बेदाणे खात होत्या.

बोर्डाने भागत नाही म्हटल्यावर मॅनेजरने तिथे एक बाई उभी केली. शिराळ्याकडची, पस्तिशीची, खणखणीत आवाजाची. तिला माझ्यासमोर आणून म्हणाला, ‘बाई सांगतील तसं करायचं. कुणाला सोडायचं नाही.’

‘म्हातारीकोतारी असली तर, बाई?’ तिने विचारलं.

‘कुणालाच नाही,’ मी म्हणाले. ‘जंतू वय विचारत नाहीत.’

हे वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की घरी येऊन यांना ऐकवलं. हे पेपर वाचत होते. ‘खरं हाय,’ म्हणाले आणि पान उलटलं.

त्या बाईने आठ दिवसांत विभागाला शिस्त लावली. ‘ताई, हात भाईर!’ ही तिची आरोळी बिस्किटांच्या कपाटापर्यंत ऐकू यायची. कोपरापर्यंत हात घालणाऱ्या बाईंनी दुकान बदललं. फुंकर मारणाऱ्यांना ती म्हणायची, ‘पाव्हणं, वारं बाहेर लय सुटलंय, तिकडं जाऊन मारा फुका.’ मला तिचा अभिमान वाटायला लागला. शाळेत बत्तीस वर्षांत जे मला जमलं नाही ते तिने एका आठवड्यात केलं होतं.

सकाळी मी योगवर्गाला जायची. हे तेवढ्यात कृष्णेच्या घाटापर्यंत फिरून येतात, असं मला माहीत होतं. म्हणजे ते तसं सांगायचे.

एका मंगळवारी मी योगवर्गातून घरी येते तोच मॅनेजरचा फोन. ‘बाई, जरा येता का? एका आजोबांना पकडलंय. चार दिवस नजर होती. नाव सांगत नाहीत, काही बोलतच नाहीत. पोलिसाबिलिसाचं नको वाटतंय. तुम्ही चार शब्द सांगितलेत तर ऐकतील.’

मी स्कूटी काढली. कशी गेले म्हणून विचारू नका. सात मिनिटांचं चालत जाण्याचं अंतर, तरी स्कूटीवरून गेले आणि जाता जाता तोंडातल्या तोंडात भाषण जुळवत होते. सुरुवात कुठून करायची, आवाज कुठे चढवायचा. म्हाताऱ्या माणसाशी बोलायचं, तर आधी नमस्कार करावा, मग झोडपावं, असं ठरवलं.

केबिनचं दार उघडलं तर खुर्चीत हे बसलेले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. मला पाहिलं आणि टोपी घातली.

मॅनेजरने यांना माझ्याबरोबर कधी पाहिलेलं नव्हतं, शाळेत नवऱ्यांचं काय काम. तो उत्साहाने म्हणाला, ‘हे बघा, बाई, हेच ते.’ आणि त्या शिराळ्याच्या बाईने पुढे होऊन, शाबासकीच्या आशेने, सगळं सांगितलं.

‘बाई, ह्ये आजोबा रोज येत्यात. दुकान उघडायला आन ह्येनी यायला एकच गाठ. मोहरीपास्नं धरत्यात, गुळापातुर जात्यात. घेत काय न्हाईत. पर आजचं काय सांगू! मूठभर मेथ्या तोंडात टाकल्या आन चावल्या की! कराकरा. मी बघतच ऱ्हायले. आवं, येक मेथी दाताखाली आली तर आपलं तोंड कसं हुतंय? ह्येंचं तोंड हाललं न्हाई. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोस्क्यात कायतरी बिघाड हाय. म्हणून धरलं, चोर म्हणून न्हाई.’

ती बोलत होती आणि मी यांच्याकडे बघत होते. हे टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. दोन वर्षांचं ‘झकास झालंय’ एकदम समोर उभं राहिलं. रोजचं. कारल्याच्या भाजीलाही, जळलेल्या भातालाही.

‘आजोबा, का खात होता मेथी?’ मॅनेजरने विचारलं.

‘शुगरसाठी,’ हे म्हणाले.

यांना शुगर नाही. कधीच नव्हती. तपासण्यांचे सगळे कागद मी स्वतः फाइलला लावते. हे त्यांनाही माहीत होतं आणि मला माहीत आहे हेही त्यांना माहीत होतं. त्यांनी पहिल्यांदाच मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षांत या माणसाने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, साधं पाणीसुद्धा उठून स्वतः घ्यायचा. आता मागत होता.

‘हो,’ मी म्हणाले, ‘बरीच शुगर आहे यांना. डॉक्टरांनीच सांगितलंय मेथी खायला. हे माझे मिस्टर.’

मॅनेजर खुर्चीतून उठताना टेबलावर आपटला. ‘बाई, सॉरी, बाई... मला माहीत असतं तर...’

‘माहीत असतं तर सोडलं असतंस का? नियम नियम आहे,’ मी म्हणाले, कारण एवढं झाल्यावरही माझ्यातली मास्तरीण मेली नव्हती. आणि त्या डब्यातली सगळी मेथी मी विकत घेतली. यांच्या हाताची मेथी दुसऱ्या कुणाच्या लोणच्यात जाणं मला चाललं नसतं. चार किलो भरली. शिराळ्याची बाई ती स्कूटीवर ठेवायला आली. तिचा चेहरा उतरला होता.

‘चुकलं का वो, बाई, माजं?’

‘तुझं काहीच चुकलं नाही,’ मी म्हणाले. हे मी बोललेलं त्या दिवसातलं एकच खरं वाक्य.

घरी येऊन मी पंखा लावला आणि समोर बसले. ‘कधीपासून?’

‘तवापास्नं.’

‘अजिबात नाही?’

‘काय न्हाई. कापूस चघळल्यागत.’ घरात हे माझ्यासाठी बोली थोडी सावरून बोलायचे, त्या दिवशी सावरली नाही.

मला रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं की माझा आवाज वर्गातला होतो. ‘मग घरी खाऊन बघायचं! घरात मोहरी नाही? मेथी नाही? चोरासारखं तिथं कशाला?’

‘घरी तू तोंडाकडं बघतीस,’ ते म्हणाले. ‘तिथं सगळं वळीनं मांडलेलं हाय. मोहरीपास्नं निघायचं आन येक येक डबा घेत जायचं. वाटतंय, आज कुठल्यातरी डब्यापाशी लागंल. न्हाई लागली तर गूळ तरी लागंल. मग गुळापाशी गेलं की वाटतंय, जाऊ दे, उद्या.’

आम्ही दोघं डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर म्हणाले, काहींची येते, काहींना वेळ लागतो, काहींचं सांगता येत नाही. एवढं तर मीही सांगू शकले असते.

खरा प्रश्न पुढेच होता. दिवाळी झाली, गुऱ्हाळं पेटली आणि दुकानातून फोन आला. ‘काका, उद्या पहिला माल लागतोय.’ हे ‘येतो’ म्हणाले आणि फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘गेली दोन सालं नुसतं डोळ्यानं बघून सांगितलं. रंग बघायचा, तुकडा मोडताना कणी बघायची. चुकलं असंल एखाद्याचं.’

‘एखाद्याचं म्हणजे वर्षभराच्या उसाचं,’ मी म्हणाले. म्हणायला नको होतं, पण म्हणाले.

‘म्हाईत हाय,’ ते म्हणाले. ‘सांगून टाकतो उद्या. तू चल बरोबर.’

चाळीस वर्षांत मी त्या दुकानाची पायरी चढले नव्हते. दुसऱ्या दिवशी गेले. ओट्यावर ढेपा मांडलेल्या, माश्या, घाम, गुळाचा गरम वास, आणि माणसं त्या ढेपांच्या मधून चपला घालून फिरत होती. माझे नियम इथे टांगायचे तर बाजारच बंद करावा लागला असता. मला कुणीतरी खुर्ची दिली. मालक, दोन व्यापारी, गूळ घेऊन आलेले चार शेतकरी आणि जुने हमाल, सगळे यांच्याभोवती उभे राहिले. म्हाताऱ्या हमालाने पहिल्या ढेपेचा कोपरा फोडून तुकडा यांच्या हातात दिला.

यांनी तो हातात धरला. जिभेवर ठेवला नाही.

‘मालक,’ हे म्हणाले, ‘मला चव लागत न्हाई. कोरोनापास्नं. दोन सालं तुमास्नी फसवलं.’

मालकांनी नजर खाली घातली. मी खुर्चीची दांडी घट्ट धरून बसले होते. शेवटी तो म्हातारा हमालच बोलला.

‘काका, आमास्नी म्हाईत हाय की.’

‘काय म्हाईत हाय?’

‘गेल्याच्या गेल्या साली खारट गूळ तुमी येक नंबर म्हणालासा. तवाच समजलं. तुमी गेल्यावर मालक दुसऱ्याकडनं बघून घेत्यात. कुणाचं नुकसान झालं न्हाई, घोर लावून घिऊ नगा.’

यांनी तुकडा मुठीत आवळला. ‘मग मला बोलवत कशाला हुता रं?’ यांनी विचारलं.

हमालाने मालकांकडे बघितलं, मग यांच्याकडे. ‘काय तरीच इचारताय, काका. तुमी आल्याबिगर हंगाम सुरू झाल्यागत वाटत न्हाई, म्हणून.’

सगळ्या बाजाराला माहीत होतं. पहिल्याच वर्षी, एका ढेपेवरून. आणि मी रोज दोन वेळा या माणसाच्या समोर बसून जेवत होते. त्या वेळी मला स्वतःची जेवढी लाज वाटली तेवढी मार्टात कुणाचीही वाटली नव्हती.

यांनी उपरण्याने डोळे पुसले. मग हातातला तुकडा माझ्यापुढे धरला. तो हमालाने फोडलेला होता, यांनी कधीचा मुठीत धरलेला होता, आणि त्याला उपरण्याचा धागा चिकटला होता.

‘तू सांग आता,’ हे म्हणाले. ‘कसा हाय?’

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ज्या शेतकऱ्याचा गूळ होता तो जरा पुढे सरकला. मी धागा काढला आणि तुकडा तोंडात ठेवला. ते करायचे तसे डोळे मिटले. रान, जाळ, सोडा, काहीतरी सापडेल म्हणून खूप शोधलं.

‘गोड आहे,’ मी म्हणाले.

त्या बाजारात गुळाबद्दल इतकं बिनकामाचं मत आजवर कुणी दिलं नसेल. आधी हमाल हसला, मग व्यापारी, मग सगळेच. आजारानंतर पहिल्यांदा मी यांना पोट धरून हसताना पाहिलं. हसता हसता त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, ‘अजून येक तुकडा फोड रं हिला. आता शिकवायला पाहिजे.’